आठची कूस

स्वानंद नावाचा कंपनीचा माणूस रविवारी सकाळी शहाडला माझ्या घरी आला. बरोबर एक कॅमेरावाला होता. माझी बायको मंजुळा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत तिच्या कंपनीतून कोणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, उशिरा का होईना, भेटायला आलेत. मी चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाला, काका, इथे एक सही लागेल.

मंजुळा पेशंटची बाई होती. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं असतात, त्यांच्या घरी बारा तास राहून त्यांचं सगळं करायचं, हे तिचं काम. ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथे कंपनी पाठवेल तिथे. एकवीस वर्षं तिने हे केलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं या कंपनीकडून.

कंपनीला कसलंसं बक्षीस मिळायचं घाटत होतं. उद्योजकांच्या एका संघटनेचं. समाजासाठी काहीतरी नवीन केलं म्हणून. नवीन काय, तर अंथरुणावरच्या पेशंटच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कंपनीने काढलेली पद्धत. तिचं नाव त्यांनी ‘स्पर्श पंधरा’ ठेवलं होतं. बक्षिसाच्या कार्यक्रमात फिल्म दाखवायची होती. फिल्ममध्ये मंजुळाचा फोटो येणार, आणि मी कॅमेऱ्यापुढे बसून सांगायचं की कंपनीने माझ्या बायकोला हे शिकवलं आणि आमचं आयुष्य बदललं. वाक्य त्यांनी लिहूनच आणलं होतं.

मी म्हणालो, तिला कंपनीने काही शिकवलेलं नाही. तिने कंपनीला शिकवलं.

तो पोरगा वाईट नव्हता. त्याने वाद घातला नाही. हातातला टॅब माझ्यापुढे धरला. त्यावर एका फॉर्मचा फोटो होता. ‘मी कंपनीकडून सात दिवसांचे रुग्णसेवा प्रशिक्षण घेतले आहे.’ खाली मंजुळाचं नाव, वय, पत्ता, आणि तिची सही. सही तिची होती. बाकी सगळं अक्षर माझं.

मी टॅब परत दिला आणि त्यांना जायला सांगितलं. सही केली नाही. कप विसळायला घेतले आणि एक फोडला. मुद्दाम फोडला, असंच लिहितो.

त्या फॉर्मचं आधी सांगतो, कारण चूक माझी आहे. सहा वर्षांपूर्वी कंपनीने मोबाईलवर ॲप आणलं आणि सगळ्या बायकांना आयडी दिले. आयडी पाहिजे तर हा फॉर्म भरायचा. मंजुळा फॉर्म घेऊन घरी आली आणि म्हणाली, कोणी कोणाला दिलं प्रशिक्षण? नवीन पोरी येतात त्यांना मीच तर घेऊन फिरते. मी तिला म्हणालो, “अगं, लिहायला काय जातं? कागदच आहे.” आणि मी भरला. माझं अक्षर चांगलं आहे. प्लांटमध्ये लॉगबुक मीच लिहायचो. मग आमच्या चाळीतल्या आणि आजूबाजूच्या दहा बायका आपापले फॉर्म घेऊन आल्या, तेही मी भरले. मंजुळाचा धरून अकरा. दर फॉर्मला ‘घेतले आहे, घेतले आहे’ असं ठसठशीत लिहिलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, बायका भाऊ भाऊ करत होत्या.

आता खरं काय होतं ते.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पंप हाऊसला होतो. तीन शिफ्ट. तिथला नियम असा की तुझ्या जागी येणारा माणूस आल्याशिवाय पंप सोडायचा नाही. नुसता येऊनही भागत नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला चार्ज द्यायचा. मला कामाला लावलं ते धाकूदादाने. खाडीकाठच्या गावचा कोळी, शाळेचं तोंड न बघितलेला. पहिल्या दिवशी मी मीटर बघून लॉगबुकात आकडा लिहीत होतो. त्याने माझं मनगट धरलं, हात उलटा केला आणि हाताची पाठ पंपाच्या बेअरिंगवर टेकवली. म्हणाला, “डोल्यांनी काय बघतंस, हातानी बघ.” तळहात नाही लावायचा. काम करून तळहात राठ झालेला असतो, त्याला उशिरा कळतं. हाताची पाठ मऊ असते, तिला लगेच कळतं. बेअरिंग बिघडायला लागलं की मीटरवर दिसायच्या कितीतरी आधी तिथे गरम लागतं. जाणारा माणूस येणाऱ्याचा हात धरून त्या जागेवर ठेवणार आणि सांगणार, काल एवढं नव्हतं, आज आहे, लक्ष ठेव. मगच तो आंघोळीला जाणार. छत्तीस वर्षं मी असा चार्ज दिला आणि घेतला.

माझी आई पडून होती तेव्हा तिला मी आणि मंजुळा मिळून कुशीवर वळवायचो. मी सकाळी शिफ्टवरून आलो की पहिलं काम ते. एक दिवस मंजुळा म्हणाली, सासूबाईंच्या खुब्यावर काहीतरी होतंय, पण दिसत तर काही नाही. आई काळी होती. आम्ही सगळेच काळे. गोऱ्या माणसाच्या कातडीवर लाल डाग दिसतो, आमच्या नाही दिसत. दिसतं तेव्हा कातडी फाटलेली असते. मी सवयीने हाताची पाठ लावली. गरम होतं. तेवढीच जागा, रुपयाएवढी. मी मंजुळाचा हात उलटा केला आणि तिथे ठेवला. बस. एवढंच झालं. त्या जागेवर आम्ही आईला चार दिवस टेकू दिलं नाही, आणि ती जागा निवली. आई त्यानंतर अडीच वर्षं पडून होती. तिच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही.

पुढचं मंजुळाचं आहे, माझं नाही. तिने हे तिच्या कामात नेलं. दिवसपाळीची बाई रात्री आठला सुटते, रातपाळीची सकाळी आठला. मंजुळा जागेवरून हलायचीच नाही. दुसरी बाई आली की दोघींनी मिळून पेशंटला कुशीवर घ्यायचं, कारण एकटीला जड माणूस नीट वळवता येत नाही, ती कसंबसं ओढते आणि त्यानेच कातडी सोलवटते. दोघी असल्या की पाठ पूर्ण उघडी होते. मग आधी पेशंटला विचारायचं, कुठे दुखतंय. तो बोलू शकत असेल तर आधी त्याने बोलायचं. मग जाणारीने येणारीचा हात धरून माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, खांद्याची हाडं असा फिरवायचा. आणि जिथे गरम असेल तिथे थांबवायचा. पंधरा मिनिटं लागतात. बायका याला आठची कूस म्हणायच्या. नवीन बाई आली की विचारायच्या, आठची कूस येते का तुला? येत नसेल तर मंजुळाताईकडे जा.

ठाण्यात एका घरी तिने एका म्हाताऱ्यांचं तीन वर्षं केलं. त्यांची मुलगी जागृती रोज सकाळी दारात उभी राहून ही कूस बघायची. वडील गेल्यावर तिने ही कंपनी काढली. म्हणजे आज जिला सगळे जागृती मॅडम म्हणतात तिला हे कुठून आलं ते चांगलं माहीत होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

मंजुळाला कॅन्सर झाला. पोटात होता, कळेपर्यंत पसरला होता. ती घरी पडल्यावर साठ दिवसांनी तिच्या मोबाईलवर मेसेज आला की तुमचा आयडी निष्क्रिय करण्यात आला आहे. तिने मला वाचून दाखवला आणि हसली. मला हसू आलं नाही. आमच्याच चाळीत राहणारी स्वप्ना, मंजुळाच्या हाताखाली शिकलेली, ती तेव्हा डोंबिवलीला रातपाळी करायची. सकाळी सुटली की घरी न जाता आमच्याकडे यायची आणि आम्ही दोघं मंजुळाला वळवायचो. मंजुळा स्वतः सांगायची, अजून थोडी वर कर, हां, आता हात लाव. स्वप्ना चुकली तर पडल्या पडल्या ओरडायची. अडीच महिने. मंजुळाला शेवटची आंघोळ घालायला बायका बसल्या तेव्हा म्हातारी शेजारीण बाहेर येऊन मला म्हणाली, चांगदेव, पोरीच्या पाठीवर डाग नाही रे एक. तेव्हा मी रडलो. तोवर रडलो नव्हतो.

स्वानंद येऊन गेला त्याच दिवशी दुपारी स्वप्ना वरच्या मजल्यावरून खाली आली. तिचा आयडी बंद होऊन तीन आठवडे झाले होते. मला माहीत होतं, पण नीट गोष्ट तिने त्या दिवशी सांगितली.

कंपनीने ‘स्पर्श पंधरा’ आणलं तेव्हा त्यातला स्पर्शही काढला आणि पंधरा मिनिटंही काढली. एका वेळी एका घरात एकच बाई. एकीने ॲपमधून बाहेर पडल्याशिवाय दुसरीला आत येता येत नाही, आणि बाहेर पडलेल्या बाईने घरात थांबायचं नाही. कुशीऐवजी पाठीचा फोटो काढायचा आणि चढवायचा. फोटो ठीक असला की हिरवी खूण येते. स्वप्नाचा पेशंट डोंबिवलीचा, अण्णा म्हणतात त्यांना, अर्धांगवायूने पडलेले. स्वप्नाला माकडहाडापाशी गरम लागलं. तिने ऑफिसला फोन केला. ऑफिसने सांगितलं, फोटो क्लीन आहे. तिसऱ्या दिवशी तिच्याच पाळीत कातडी फाटली. अण्णांच्या सुनेने तक्रार केली, आणि कंपनीने स्वप्नाला निष्काळजी ठरवलं.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला कंपनीच्या ऑफिसात गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं का सांगू.

काचेच्या खोलीत जागृती मॅडम होत्या, स्वानंद होता, आणि मेघना नावाची एक मुलगी होती. ती मॅनेजमेंटच्या कॉलेजातून आली होती आणि बक्षिसासाठीचा अहवाल तिने लिहिला होता. माझ्याशी नीट बोलली ती तीच. मी म्हणालो, मला बघू दे काय लिहिलंय. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

त्यात एक प्रश्न होता, या नवीन पद्धतीसाठीचं ज्ञान कंपनीला कुठून मिळालं. खाली रकाने होते. ग्राहक. पुरवठादार. स्पर्धक कंपन्या. सल्लागार. विद्यापीठं आणि संशोधन संस्था. परिषदा आणि प्रदर्शनं. कंपनीचे कर्मचारी. खुणा दोन ठिकाणी होत्या, सल्लागार आणि विद्यापीठ. सल्लागार म्हणजे ज्याने फोटोची आयडिया दिली तो. विद्यापीठ म्हणजे मेघनाचं कॉलेज, कारण त्यांनी त्याला नाव दिलं.

मी विचारलं, कर्मचाऱ्यांवर खूण का नाही?

मेघना म्हणाली, बायका कागदावर कर्मचारी नाहीत. त्या ‘सेवा भागीदार’ आहेत. तिचं तोंड उतरलं होतं. मी म्हणालो, मग पुरवठादारात घाला. ती म्हणाली, मी तेही विचारलं होतं, पण पुरवठादार म्हणजे माल देणारी फर्म. म्हणजे एअर बेड विकणाऱ्याला रकाना आहे. त्या एअर बेडवर माणूस जिवंत ठेवणारीला नाही.

मी जागृती मॅडमना म्हणालो, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, तुमच्या वडिलांच्या खोलीत. त्या नाही म्हणाल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, “काका, मी मंजुळाताईंना विसरेन असं वाटतं का तुम्हाला? पण ज्युरी कागद मागते. माझ्याकडे त्यांचा एकच कागद आहे, आणि त्यावर प्रशिक्षण घेतलं असं लिहिलंय. अकरा जणींचं तसंच लिहिलंय.”

  त्यांना माहीत नव्हतं ते अक्षर कोणाचं आहे. मी सांगितलंही नाही. लाज वाटली.

मग फोटोवर आलो. मी म्हणालो, ही फोटोची पद्धत बंद करा, आठला दोघींना घरात राहू द्या. मॅडम म्हणाल्या, एका वेळी दोन बायका बसत नाहीत व्यवस्थेत, आणि फोटो खोटं बोलत नाही, बाईच्या हाताला काय वाटलं याची नोंद कशी ठेवायची? तेव्हा माझा आवाज चढला. बाहेर बसलेली माणसं बघायला लागली.

“मॅडम, तुमचे वडील गोरे होते. त्यांच्या पाठीवर लाल दिसायचं. आमच्या पाठीवर दिसत नाही. तुमचा फोटो गोऱ्यांसाठी आहे.”

 मेघनाने काहीतरी लिहून घेतलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाल्या की स्वप्नाची केस त्या स्वतः बघतील. आयडी आजच्या आज उघडता येईल. मी फक्त तेवढी सही करावी आणि दोन वाक्यं बोलावीत. धमकी नव्हती ती. त्यांना खरंच वाटत होतं की त्या माझ्यावर उपकार करतायत.

मी उठलो आणि आलो. सही केली नाही.

संध्याकाळी स्वप्नाला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलं भाऊ. ती दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताईचा मान राखलात. चांगलं केलंत. माझी भाकरी कोण राखणार? ताई असती तर सही करून आली असती आणि वर मॅडमला हसून चहा मागितला असता.” आणि आत गेली.

खरं होतं ते. मंजुळाने हसून चहा मागितला असता. मला ते जमत नाही. पण मी त्या रात्री जेवलो नाही, कारण भाकरीचा घास हातात घेतला की तिचे शब्द आठवायचे. मी माझ्या बायकोच्या नावासाठी दुसऱ्या बाईचं काम घालवलं होतं. आणि त्या बाईने अडीच महिने माझ्या बायकोला वळवलं होतं.

स्वप्नाकडून मी अण्णांचा पत्ता मागितला. तिला वाटलं, मी तिथेही भांडायला चाललोय. तिने दिला नाही. मी तिच्या मुलाकडून घेतला.

सकाळी पावणेआठला डोंबिवलीला त्या घराची बेल वाजवली. सुनेने दार उघडलं, निशिगंधा, बँकेत कामाला जायच्या गडबडीत, एका कानात डूल आणि दुसरा हातात. मी नाव सांगितलं आणि स्वप्नाच्या चाळीत राहतो म्हणालो. ती दार लावायलाच निघाली. म्हणाली, त्या बाईमुळे अण्णांना अर्धा तळवा मावेल एवढी जखम झालीय, तुम्ही तिची बाजू घ्यायला आला असाल तर वेळ नाही मला. मी म्हणालो, बाजू घ्यायला नाही आलो. दहा मिनिटं द्या. दुसरी जखम होतेय का तेवढं बघू.

ती म्हणाली, रोज फोटो जातो, हिरवं येतंय. मोबाईल काढून दाखवलंसुद्धा. खरंच हिरवं होतं. काल सकाळचं, काल रात्रीचं, आज सकाळचं.

आतून अण्णांचा आवाज आला. जीभ जड, पण शब्द कळत होते. “उजवीकडे दुखतंय. कोणी विचारत नाही.”

तिने मला आत येऊ दिलं.

रातपाळीची बाई अक्षदा नावाची होती, जेमतेम पंचविशीची, सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली. तिला आठची कूस माहीत नव्हती. नुसतं नाव ऐकलं होतं. तिला माझी भीती वाटत होती, आपलाही आयडी जाईल म्हणून. मी तिला म्हणालो, तू पायाकडून धर, मी खांद्याकडून धरतो, ओढायचं नाही, लोटायचं. अण्णांना डाव्या कुशीवर घेतलं. माकडहाडावर पट्टी होती. उजवा खुबा वर आला. अण्णांची कातडी माझ्यासारखीच. दिसायला काही नाही, जरा चकाकत होती एवढंच. मी हाताची पाठ लावली.

मग मी निशिगंधाला म्हणालो, ताई, हात द्या.

तिने अक्षदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. घड्याळ बघितलं. मग हात पुढे केला, तळवा खाली करून, लोक लावतात तसा. मी तिचं मनगट धरून हात उलटा केला आणि पाठ त्या जागेवर टेकवली. सोडून दिलं. तिने हात तसाच ठेवला. मग स्वतःच उचलून अण्णांच्या मांडीवर लावला, परत खुब्यावर आणला. असं तीनदा केलं.

“गरम आहे,” ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, “मी सांगतच होतो.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. दुसरं डूल अजून तिच्या हातातच होतं. तिने विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मी सगळं सांगितलं. पंप, धाकूदादा, आई, मंजुळा. मंजुळाचं नाव दोनदा सांगितलं. स्वप्नाने माकडहाडापाशी असंच गरम लागतंय म्हणून ऑफिसला कळवलं होतं आणि ऑफिसने फोटो क्लीन आहे म्हणून फोन ठेवला, तेही सांगितलं. तिने तिथूनच कंपनीला फोन लावला. बँकेतली बाई, तिला फोनवर कसं बोलायचं ते माहीत होतं. आवाज न चढवता म्हणाली की मला माझ्याकडे स्वप्ना परत पाहिजे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ आठला दोन बायका घरात एकत्र पाहिजेत, नाहीतर मी हे सगळं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिणार आहे, इथे तुमचे सात पेशंट आहेत. आणि हेही म्हणाली की मला हे मंजुळाताईंच्या नवऱ्याने दाखवलं. मी कानांनी ऐकलं. ती खोटं बोलली नाही.

मी अण्णांना तसंच उशी लावून डाव्या कुशीवर ठेवलं, अक्षदाला किती वेळाने कसं वळवायचं ते दाखवलं आणि घरी आलो.

पाच दिवसांत स्वप्नाचा आयडी उघडला. आठव्या दिवशी सगळ्या बायकांना मेसेज आला. आता पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोघी घरात थांबू शकतील. हात लावून तपासणी करायची. मेसेजमध्ये पहिलंच वाक्य होतं, आमच्या एका ग्राहकाच्या मौल्यवान सूचनेवरून.

कंपनीच्या डोळ्यांपुढे आम्ही तीच गोष्ट नऊ वर्षं करत होतो. मंजुळाने सांगितली, स्वप्नाने सांगितली, मी ओरडून सांगितली. ऐकायला आली ती निशिगंधाच्या तोंडून, कारण तिच्यासाठी रकाना होता. सगळ्यात वरचा.

मेघनाचा फोन आला. ती माफी मागत होती. अहवाल बदललाय म्हणाली, ग्राहक या रकान्यातही खूण केलीय. तिने मॅडमना सांगून बघितलं होतं, पण कागद नाही म्हणून मंजुळाचं नाव आलं नाही. मग म्हणाली, शेवटी ‘इतर’ म्हणून एक रकाना असतो, त्यात थोडी जागा आहे, तिथे लिहू का? मी नको म्हणालो. माझी बायको इतर नव्हती.

बक्षीस मिळालं. स्वप्नाने मोबाईलवर फिल्म दाखवली. ती आता माझ्याशी बोलते, पण त्या संध्याकाळचं ती विसरली नाही आणि मीही नाही. फिल्ममध्ये जागृती मॅडम बोलल्या, सल्लागार बोलला, निशिगंधा एक वाक्य बोलली, बाकीचं कापलेलं दिसत होतं. मग एक हात आला, गोरा, नखं रंगवलेला, आणि कोणाच्या तरी गोऱ्या पाठीवर हळुवार टेकला. तळहात टेकला. मागे पेटी वाजत होती. स्वप्ना म्हणाली, अगं बाई, तळहात. मी मोबाईल उलटा ठेवला. पंधरा हजार लोकांनी बघितलंय ते. त्यांतले किती जण आता तळहात लावत असतील, आणि काही कळत नाही म्हणून पेशंटला तसाच पडू देत असतील, कोण जाणे.

म्हणून हे लिहितोय. मला लिहिता येतं ते लॉगबुकातलं, जे झालं ते आणि जेव्हा झालं तेव्हा. कंपनीच्या कपाटात माझ्या अक्षरातले अकरा फॉर्म आहेत. ते खोटे आहेत. ते मी भरले आणि त्याला मी जबाबदार आहे. हा बारावा कागदही माझ्याच अक्षरात आहे.

पेशंटला दोघांनी वळवायचं. आधी त्याला विचारायचं. हाताची पाठ लावायची, तळहात नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याचा हात धरून गरम जागेवर ठेवायचा आणि त्याला कळेपर्यंत सोडायचं नाही. हे मला धाकूदादाने शिकवलं. मी मंजुळाला दाखवलं. बाकी सगळं मंजुळाचं आहे.

चांगदेव, शहाड.